आमच्या बँकेची ‘फसवा मेल कळवा’ सेवा: पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक शाखेतल्या मॅडमचा

बँकेचं नाव लिहीत नाही. खातं अजून तिथंच आहे, आईची पेन्शनही तिथंच जमा होते, उगाच कशाला. पण गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, जे झालं त्यात मला बँकेचे मेल, बँकेचं तक्रार खातं, कस्टमर केअर आणि शाखा असं सगळंच वापरून बघावं लागलं, तर म्हटलं रिव्ह्यू लिहून टाकू. अ‍ॅपला, मिक्सरला, थाळीला सगळे रिव्ह्यू लिहितात, बँकेच्या मेलला कोणी लिहीत नाही.

आई राज्य सरकारी नोकरीतून रिटायर झालेली, वय ७१, राहते साताऱ्याला, मी पुण्यात. फोनवर जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, लाइटबिल सगळं स्वतः करते, मला विचारत नाही, आणि मी मधे मधे सूचना देतो ते तिला आवडतही नाही. तर नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळी तिचा फोन.

“अरे, ती निळी डायरी कुठे ठेवलीस मागच्या वेळी?”
“कुठली गं?”
“बँकेचा पासवर्ड लिहिलेली. इथं मागतायत.”
“कोण मागतंय?”
“बँक.”

मी जिन्यात होतो तिथंच थांबलो. “आई, आहे ते तसंच बंद कर, काही टाकू नकोस.” तर म्हणे ग्राहक क्रमांक टाकून झालाय, फक्त पासवर्ड राहिलाय, आणि तू ओरडतोस कशाला. मी ओरडत नव्हतो, जिना चढून दम लागला होता, पण ते असो.

म्हणजे पैसे वाचले ते माझ्या शहाणपणामुळे नाही, बँकेच्या सुरक्षेमुळे तर अजिबात नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात साड्यांखाली गेलेल्या एका डायरीमुळे. पासवर्ड डायरीत लिहू नका असं मी तिला चार वर्षं सांगत होतो. आता गप्प बसतो.

आता तो मेल. ज्याने कोणी लिहिला त्याने अभ्यास केला होता हे मान्य करावं लागेल. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेत जाऊन यादीवर सही करायची किंवा जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवरून आधारनं करायचं, नाहीतर पेन्शन थांबते, ही धाकधूक प्रत्येक पेन्शनरच्या मनात असतेच. मेलमध्ये नेमकं तेच, की तुमचा दाखला मिळालेला नाही, २४ तासांत खालच्या बटणावर जाऊन भरा. आणि पाठवला कधी, तर दुसऱ्या शनिवारी दुपारी, जेव्हा बँका बंद असतात आणि सोमवारपर्यंत शाखेत विचारायला कोणी मिळणार नाही. हे मला फार नंतर सुचलं.

पूर्वी सांगायचे की स्पेलिंगच्या चुका बघा, इंग्रजी गचाळ असतं. ते दिवस गेले. या मेलचं इंग्रजी माझ्या ऑफिसातल्या एचआरपेक्षा बरं होतं, लोगो बरोबर, रंग बरोबर, तळाला ‘तुमचा पासवर्ड कोणालाही सांगू नका’ ही ओळसुद्धा होती. फक्त मराठीत एक वाक्य टाकलेलं तिथं पाय घसरला होता: “आपले निवृत्तीवेतन धारण करण्यात येईल.” होल्डचं धारण! मी हसलो, आईला म्हटलं हे वाचून तुला कळलं नाही? ती म्हणाली, “तीस वर्षं शासकीय परिपत्रकं वाचली रे, त्यात याच्यापेक्षा भारी मराठी असतं. मला उलट खरं वाटलं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी गडबड पत्त्यात होती आणि तिथं फोनवर कोणी बघतच नाही, कारण जीमेलच्या अ‍ॅपमध्ये वर फक्त नाव दिसतं, आणि नाव काय, मी उद्या स्वतःचं नाव भारत सरकार ठेवू शकतो. नावाखाली बारीक अक्षरात ‘मला’ असं असतं, त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. तिथं बँकेचं नाव होतं, मग आडवी रेघ, मग पेन्शन, मग डॉट ऑनलाइन. घाईत बघितलं तर बँकेचंच वाटेल. पण तो सगळा मिळून एकच पत्ता आहे, दोनचारशे रुपयांत कोणीही विकत घेतो तसला. बटणावर बोट दाबून धरलं (टॅप नाही हं, दाबून धरायचं) तर आतली लिंक दिसते, ती तर तिसऱ्याच कोणाची तरी होती, सुरुवातीला बँकेचं नाव आणि मग पुढे लांबलचक शेपूट. लिंक कोणाची हे बघायचं तर सुरुवातीचं ‘https://’ सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं, सुरुवातीला काय लिहिलंय त्याला काडीचा अर्थ नाही. आणि ते कुलूप कुलूप करतात ना, की कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, ते विसरा. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही जे टाकताय ते वाटेत कोणी वाचणार नाही, थेट चोराच्या हातात पोचेल. क्रोमनं तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं, लोकांचा गैरसमज होतो म्हणून.

आणि ओटीपी आहे ना मग काय घाबरायचं, असं माझा मेव्हणा म्हणतो. अरे बाबा, हे लोक तुम्ही पासवर्ड टाकला की तिकडे खऱ्या साइटवर तोच टाकतात, मग तुमच्या फोनवर ओटीपी खराखुरा बँकेकडूनच येतो, आणि तुम्ही तो त्यांच्या पानावर टाकता. म्हणजे ओटीपी खरा आला म्हणून पान खरं असं होत नाही.

असो. रात्री खऱ्या अ‍ॅपमधून पासवर्ड बदलून घेतला, व्यवहारांची मर्यादा खाली आणली, आणि मग चांगला नागरिक म्हणून बँकेला कळवायचं ठरवलं. इथून रिव्ह्यू सुरू.

बँकेच्या साइटवर फसवे मेल कळवायचा पत्ता आहे. सापडायला वीस मिनिटं लागली, पर्सनल लोनची जाहिरात तीन वेळा बंद केल्यावर तळाला, गोपनीयता धोरणाच्या शेजारी. त्या पत्त्यावर मेल फॉरवर्ड केला तर दोन मिनिटांत परत आला. कारण? “संदेशात धोकादायक लिंक आढळल्याने स्वीकारता येत नाही.” म्हणजे फसवा मेल पाठवा म्हणायचं आणि फसवा आहे म्हणून परत करायचं! बरं त्याच फिल्टरला कळतंय की लिंक धोक्याची आहे, मग आणि काय सिद्ध करायचं राहिलं.

मग शोधून शोधून कळलं की असा मेल नुसता फॉरवर्ड करायचा नसतो, कारण त्यात मूळ मेलचा प्रवास, कुठल्या सर्व्हरवरून निघाला वगैरे, सगळा गळून जातो आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून तीन ठिपक्यांत जाऊन ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ करायचा. हे बँकेनं कुठंही लिहिलेलं नाही. एक ओळ लिहायची होती फक्त. जीमेलमध्येच फिशिंग (म्हणजे असा फसवा मेल) कळवा असा पर्याय असतो, तोही दाबला, आणि ते बनावट पान गूगलच्या सेफ ब्राउझिंगकडे, म्हणजे धोक्याच्या साइटची यादी ठेवतात तिथं, पण कळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पान उघडायला गेलं की धोक्याच्या इशाऱ्याचा लाल पडदा येत होता. बँकेकडून तोवर फक्त ऑटोमॅटिक उत्तर आलेलं, तक्रार क्रमांक आणि खाली सूचना, “मेलमधल्या लिंकवर कधीही क्लिक करू नका.” आणि त्याच्या बरोब्बर खाली निळं बटण: “तक्रारीची स्थिती पाहण्यासाठी येथे क्लिक करा.” मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, वाईट दिवशी बघतो.

कस्टमर केअरबद्दल थोडक्यात सांगतो. कार्ड हरवलं असेल तर एक दाबा, लोन हवं असेल तर दोन दाबा, फसव्या मेलसाठी काहीच दाबायचं नाही. बावीस मिनिटांनी एक मुलगी आली, गोड बोलत होती बिचारी, तिचा काही दोष नाही. “सर, पैसे गेलेत का?” नाही. “मग तक्रार कशाची नोंदवू?” तिच्या स्क्रीनवर पैसे गेले असाच रकाना होता. पैसे जाण्याआधी यायचं नाही, असा एकूण अर्थ.

आता माझी फजिती सांगतो, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. त्याच आठवड्यात आईला बँकेच्या नावानं दुसरा मेल आला. “प्रिय ग्राहक, आमच्या वेबसाइटचा पत्ता बदलला आहे, नवीन पत्त्यावर जाण्यासाठी येथे क्लिक करा.” मी म्हटलं आता तर हद्दच झाली, बँकेची वेबसाइट कधी बदलते का. नाव नाही नुसतं ग्राहक, लिंक दीड ओळीची आणि तिच्यात कुठल्यातरी जाहिरात कंपनीचं नाव, वर लवकर करा, आजच करा. अटॅचमेंट करून, नीट, अभिमानानं बँकेला पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकला, सावध राहा म्हणून.

तो खरा निघाला.

झालं असं की रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की सगळ्या बँकांच्या वेबसाइटचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ ने संपणारे करायचे, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. हे पत्ते हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते, म्हणजे वर सांगितलं तसं कोणीही उठून विकत घेऊ शकत नाही. कल्पना एकदम चांगली आहे, मला मनापासून आवडली, इतकी वर्षं आपण कुठल्या बँकेच्या पुढे डॉट कॉम आणि कुठल्या पुढे डॉट को डॉट इन हे पाठ करत बसलो होतो. आता आईला एकच सांगितलंय की साइटचा पत्ता वर स्वतः टाइप करायचा आणि शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का बघायचं. ठिपके नीट बघायचे, कारण ‘बँक आडवी रेघ इन डॉट कॉम’ म्हणजे पुन्हा तेच चोर.

पण बघा, लोकांना नवीन सुरक्षित पत्ता सांगायचा मेल, तोच हुबेहूब फसव्या मेलसारखा! सरळ लिहायचं की पत्ता असा असा आहे, तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, लिंक देत नाही. पण नाही, कोणी किती क्लिक केलं हे मार्केटिंगला मोजायचं असतं, म्हणून लिंक जाहिरात कंपनीमार्गे फिरवून आणायची. एका बाजूला क्लिक करू नका म्हणून पोस्टर लावायचं आणि दुसऱ्या बाजूला आठवड्यातून चार मेल क्लिक करा म्हणून पाठवायचे, मग सत्तरीच्या माणसाला सवय कशाची लागणार? फसवणाऱ्यानं आईला काही नवीन शिकवलं नाही. बँकेनं लावलेली सवयच त्यानं वापरली. माझा मुख्य राग हाच आहे, बाकीचं सगळं चालून जातं.

त्या खऱ्या मेलचा बाण उघडून बघितला असता तर मला कळलं असतं, कारण तिथं ‘स्वाक्षरी कोणाची’ या ओळीत बँकेचाच पत्ता होता. ते बघायला विसरलो. मात्र नुसती स्वाक्षरी आहे म्हणून हुरळून जाऊ नका, फसव्या मेलवरही होती, त्यांच्या त्या डॉट ऑनलाइनची. ते एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क वगैरे नावांनी मेल कुठून आला याची जी तपासणी होते ती एवढंच सांगते की पाकिटावर ज्या घराचं नाव आहे त्याच घरातून ते निघालंय. त्या घरात कोण राहतं ते आपणच बघायचं.

ग्रुपवर माफी मागावी लागली. काही लोकांनी अंगठा दिला, एकानं हसरा चेहरा.

बँकेचं उत्तर आलं नवव्या दिवशी. दुसऱ्या मेलबद्दल: “सदर मेल अधिकृत आहे.” पहिल्याबद्दल, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला: “संशयास्पद मेल आल्यास दुर्लक्ष करावे.” बास.

आता शाखा, आणि तो एक स्टार. सोमवारी आई स्वतःच गेली, मला न सांगता. तिथल्या एक मॅडम आहेत, बहुतेक उपव्यवस्थापक असाव्यात, त्यांनी आईला आत बसवलं, पाणी दिलं, हयातीच्या यादीवर सही घेतली आणि सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणे स्वतःच्या हातानं कागदावर मार्करनं लिहिलं, “हयातीच्या दाखल्यासाठी बँक लिंक पाठवत नाही. शंका आली तर आत या, विचारा,” आणि पेन्शनच्या काउंटरसमोरच्या खांबाला चिकटवलं. हेड ऑफिसच्या चकचकीत पोस्टरांपेक्षा तो कागद लोक थांबून वाचत होते, आईनं सांगितलं. त्यांनी आईला आणखी एक समजावलं जे मलाही धड माहीत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तेव्हा असं होतं की चूक ना तुमची ना बँकेची, कुठंतरी तिसरीकडेच गडबड झाली आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंतचा फटका. पण तुम्हीच पासवर्ड, ओटीपी देऊन बसलात तर कळवेपर्यंत जे गेलं ते सगळं तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाज वाटून दोन दिवस गप्प बसलात तर ते दोन दिवस तुमच्या खिशातून. पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा आणि मग बँकेला, हे पण त्यांनी त्या कागदावर खाली लिहिलं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचे असेच गेले होते, त्यांनी अर्ध्या तासात १९३० ला फोन केला आणि पुढच्या खात्यात जाऊन पडलेली बरीचशी रक्कम तिथंच गोठवली गेली. मिळायला नंतर कागदपत्रं करावी लागली, पण मिळाली.

एक उपाय माझ्याकडून, कारण डायरीचा विषय निघालाच आहे. आईच्या फोनमध्ये आता पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारं अ‍ॅप, टाकून दिलाय. त्याचा खरा फायदा लक्षात ठेवायला लागत नाही हा नाहीच, तो पत्ता बघतो. बनावट पान डोळ्यांना कितीही खरं दिसू दे, पत्ता वेगळा असला की तो पासवर्ड आपोआप भरतच नाही. तो गप्प बसला की समजायचं काहीतरी गोची आहे. आई म्हणते डायरीनं पण तेच केलं. मुद्दा आहे.

आणि तिची स्वतःची एक युक्ती निघाली ती सांगतो आणि थांबतो. चार दिवसांनी शांतपणे बोलताना म्हणाली, “मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्यात माझ्या नावात एच नव्हता.” तर त्याचं असं की बँकेनं २००९ मध्ये खातं उघडताना तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा एच घुसवलाय. तिनं तीन वेळा अर्ज दिला, आधार दिलं, पॅन दिलं, एच गेला नाही. पासबुकावर एच, चेकबुकावर एच, महिन्याच्या स्टेटमेंटचा पासवर्ड नावाच्या पहिल्या चार अक्षरांवरून बनतो त्यातसुद्धा एच. फसव्या मेलवाल्यानं बिचाऱ्यानं नाव बरोबर लिहिलं होतं! म्हणजे सोळा वर्षं जी चूक म्हणून आम्ही भांडत होतो तीच आमच्या घरातली बँक ओळखायची खूण. मी म्हटलं आई, ग्राहकांची यादी आतूनच फुटली तर एच पण जाईल बाहेर, त्याच्यावर विसंबू नकोस. बरं म्हणाली. पण तेव्हापासून बँकेचा मेल आला की आधी एच बघते आणि मग पत्ता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला. माझ्या तक्रारीच्या निमित्तानं कोणीतरी खातं उघडून बघितलं असणार. “आपल्या खात्यातील नाव आधारप्रमाणे दुरुस्त करण्यात आले आहे.” एच गेला.

आई भडकली आहे. उद्या शाखेत जाणार आहे म्हणते, मॅडमना विचारायला, परत टाकून मिळेल का.